जपानमधील बालकलाकारांसाठीची संरक्षण आणि भरपाई सेवा: तक्रारदाराच्या बाजूने एक परीक्षण

जपानमध्ये शाळकरी मुलांना गायक, नर्तक आणि नट म्हणून घडवणाऱ्या संस्थांचा व्यवसाय मोठा आहे, आणि त्या मुलांपैकी कोणाचे लैंगिक शोषण झाले तर त्याला दाद मागता यावी यासाठी २०२३ पासून तेथे एक व्यवस्था हळूहळू उभी राहिली आहे. तिचे हे परीक्षण आहे. ही व्यवस्था एका कार्यालयात सामावलेली नाही. शोषण जिथे घडले त्या कंपनीने उघडलेला भरपाई कक्ष, सरकारी मदतवाहिन्या, बदललेली दंडसंहिता, जुना श्रम कायदा आणि डिसेंबर २०२६ मध्ये अमलात येणारा नवा बालसंरक्षण कायदा, असे तिचे वेगवेगळे भाग आहेत. कायद्यांविषयी लिहिताना आपण सहसा कलमे वाचतो आणि तेथेच थांबतो. सेवा म्हणून पाहिले की प्रश्न बदलतात: दाराशी कोणाला येता येते, किती वर्षांनी आले तर चालते, खर्च कोणी सोसायचा, निर्णय कोणाच्या हाती आहे, आणि तक्रार केल्यानंतर त्या माणसाचे पुढे काय होते. माझा निष्कर्ष आधीच सांगतो. आज प्रौढ झालेल्या पीडितासाठी या व्यवस्थेत बरेच काही आहे. आज तेरा वर्षांच्या असलेल्या आणि सरावाच्या खोलीत उभ्या असलेल्या मुलासाठी मात्र फार थोडे आहे.

ज्या प्रकरणातून हे सारे उद्भवले ते अनेक वाचकांना ठाऊक असेल. जॉनी किटागावा यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेली ‘जॉनीज अँड असोसिएट्स’ ही केवळ मुलग्यांना घेणारी संस्था पुढे जपानी दूरचित्रवाणीवरची सर्वांत प्रबळ शक्ती बनली. ‘ज्युनियर’ म्हणजे शिकाऊ कलाकार म्हणून प्रवेश मिळालेला मुलगा रंगमंचावर कुठे उभा राहील, छायाचित्रात कोणाच्या शेजारी दिसेल आणि कधीतरी त्याचा स्वतःचा गट निघेल की नाही, हे ठरवण्याचा अधिकार व्यवहारात एकाच माणसाकडे होता, आणि मुले मुक्कामाला राहत ते घरही त्याच माणसाचे होते. माजी महाअभियोक्ता माकोतो हायाशी यांच्या नेतृत्वाखालील तज्ज्ञ पथकाने ४१ जणांच्या मुलाखती घेतल्या, त्यांत २३ पीडित होते, आणि २९ ऑगस्ट २०२३ रोजी दिलेल्या अहवालात स्पष्ट नोंदवले की हे शोषण १९५० च्या दशकापासून २०१० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होते आणि पीडितांची संख्या किमान काही शेकड्यांत जाते. किटागावा यांचा मृत्यू जुलै २०१९ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी झाला होता. त्यांच्यावर कधीही खटला चालला नाही.

या अहवालात नवे फारसे नव्हते, आणि सेवेच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. ‘शूकान बुनशून’ या साप्ताहिकाने १९९९ मध्ये या शोषणाविषयी लेखमाला छापली, संस्थेने बदनामीचा दावा लावला, आणि २००३ मध्ये टोकियो उच्च न्यायालयाने शोषणाविषयीच्या मजकुराचा महत्त्वाचा भाग खरा असल्याचे मान्य केले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संस्थेचे अपील फेटाळले, त्यामुळे तो निष्कर्ष कायम राहिला. त्याआधी एप्रिल २००० मध्ये सत्ताधारी पक्षाच्याच एका खासदाराने संसदेच्या समितीत हा विषय काढला होता. म्हणजे न्यायालयाला माहीत होते, संसदेला माहीत होते, दूरचित्रवाहिन्यांना तर माहीत असलेच पाहिजे. तरीही मुले त्या घरी जात राहिली. तज्ज्ञ पथकाने याला माध्यमांचे मौन जबाबदार धरले आणि त्याबरोबर एकाच कुटुंबाच्या हाती एकवटलेल्या मालकीलाही दोष दिला. मी त्यात आणखी एक कारण जोडेन. न्यायालयाने तथ्य मान्य केल्यानंतर ते उचलून मुलांपर्यंत पोहोचेल अशी एकही शासकीय यंत्रणा त्या वेळी नव्हती. दिवाणी निकाल साप्ताहिक आणि संस्था या दोघांपुरता राहिला. पोलिसांना, बालकल्याण खात्याला किंवा श्रम खात्याला त्या निकालाची दखल घेणे भाग पडेल असा कोणताही दुवा कायद्यात नव्हता.

मार्च २०२३ मध्ये बीबीसीचा माहितीपट प्रसारित झाला, एप्रिलमध्ये काउआन ओकामोतो या माजी ज्युनियरने टोकियोत परदेशी वार्ताहरांसमोर स्वतःचे नाव घेऊन आपबीती सांगितली, आणि त्यानंतर घटना झपाट्याने घडल्या. मेमध्ये तत्कालीन अध्यक्षा ज्युली केइको फुजिशिमा यांची चित्रफितीतून क्षमायाचना झाली, सप्टेंबरमध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि ती जागा जुने कलाकार नोरियुकी हिगाशियामा यांच्याकडे आली. ऑक्टोबरमध्ये कंपनीचे नाव ‘स्माइल-अप’ झाले आणि तिने आपले काम केवळ भरपाई देण्यापुरते ठेवायचे ठरले. कलाकारांचे व्यवस्थापन पुढे ‘स्टार्टो एंटरटेनमेंट’ या वेगळ्या कंपनीकडे गेले.

आता भरपाई कक्षाकडे येऊ. या सेवेचे दोन गुण मनापासून मान्य केले पाहिजेत. पहिला म्हणजे तिने मुदतीचा प्रश्न उपस्थित केला नाही. एखाद्या साठीच्या माणसाने चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीची घटना सांगितली, तर दिवाणी न्यायालयात तो दावा कालबाह्यतेच्या मुद्द्यावर सुरुवातीलाच अडकला असता. येथे तो विचारात घेतला गेला. दुसरा गुण पुराव्याविषयीचा आहे. आरोपी हयात नाही, साक्षीदार त्या काळी स्वतः मुले होती, कागद कोणी ठेवले नाहीत. अशा स्थितीत न्यायालयीन कसोटीचा पुरावा मागणे म्हणजे दार बंद करण्यासारखेच झाले असते, आणि तज्ज्ञ पथकानेही असे काटेकोर पुरावे मागू नयेत असेच सुचवले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये तीन माजी न्यायाधीशांची, म्हणजे आता वकिली करणाऱ्या कायदेतज्ज्ञांची, एक समिती नेमली गेली. तक्रारदाराचे म्हणणे ऐकून रक्कम ठरवण्याचे काम तिच्याकडे आहे. त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत ४७८ जणांनी संपर्क साधला होता आणि त्यांपैकी ३२५ जणांनी भरपाई मागितली होती. पैसे देण्यास नोव्हेंबरमध्ये सुरुवात झाली. पुढच्या वर्षभरात अर्जदारांची संख्या हजाराच्या घरात गेली आणि पाचशेहून अधिक जणांना भरपाई मिळाली. जपानच्या मनोरंजनक्षेत्रात यापूर्वी या प्रमाणात असे काही घडलेले नाही, आणि हे काम कमी लेखण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

परंतु भरपाई देणारी कंपनी आणि शोषण जिथे घडले ती कंपनी एकच आहे, आणि या सेवेचे जवळजवळ सगळे दोष त्या एका गोष्टीतून निघतात. तक्रार करायची तर आपले नाव, वय, प्रवेशाचे साल, घडलेल्या गोष्टीचा तपशील हे सारे त्याच दारात नेऊन द्यायचे, ज्या दाराविषयी मनात भीती बसलेली आहे. अर्जदार खरोखर ज्युनियर होता का, याची पडताळणी कंपनीच्या जुन्या नोंदींवरून होते. आणि ज्या संस्थेत अनेक मुलांना लेखी करारच दिला जात नसे, काही मुले थोड्याच काळात सोडून जात, तिथे नोंद सापडत नाही याचा दोष मुलाकडे कसा जाईल? मोठ्या संख्येने अर्जदारांना नकार कळवला गेला. त्यांपैकी किती जण खोटे होते आणि किती जणांचे नाव कोणी कधी लिहूनच ठेवले नव्हते, हे बाहेरच्या माणसाला तपासता येत नाही, कारण तपासणारा तटस्थ अधिकारी या रचनेत कुठेच नाही. ज्यांना रक्कम मिळाली त्यांतल्या काहींची तक्रारही अशीच आहे की आकडा सांगितला गेला, पण तो कसा ठरला हे समजले नाही. भरपाईच्या प्रकरणात रकमेइतकेच तिचे कारण महत्त्वाचे असते, कारण माझ्यावर काय गुदरले हे कोणीतरी अधिकाराने मान्य केले, ही जाणीव त्या कारणातूनच मिळते.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यवसाय आणि मानवी हक्क या विषयावरील कार्यगटाने २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये जपानला भेट दिली आणि २०२४ मध्ये आपला अहवाल मांडला. भरपाईच्या कामाची दखल घेऊनही पीडितांच्या गरजा भागण्यापासून हे काम अजून दूर आहे, असे त्यांनी म्हटले, आणि वकिलाचा खर्च पीडितानेच सोसावा हे अस्वीकार्य ठरवले. हा मुद्दा लहान वाटेल, पण तो लहान नाही. समोर तीन माजी न्यायाधीश बसले असताना, लहानपणी जे कधी बोलता आले नाही ते मांडायचे, तर सोबत आपल्या बाजूचा एक जाणकार असणे ही चैन नव्हे. मानसिक आधारासाठी कंपनीने मे २०२३ च्या अखेरीस एक कक्ष सुरू केला, हे चांगले केले. पण तोही त्याच कंपनीचा कक्ष होता, आणि उपचार कुठे घ्यायचे याची निवड पीडिताची असून बिल कंपनीचे असेल, अशी साधी रचना सुरुवातीपासून का झाली नाही, हे मला आजही पटत नाही.

तक्रारीनंतर माणसाचे काय होते, या प्रश्नावर ही सेवा सर्वांत कमी पडली. ज्यांनी उघडपणे बोलण्याचे धाडस केले त्यांच्यावर समाजमाध्यमांतून पैशासाठी खोटे बोलणारे म्हणून भडिमार झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पीडितांच्या संघटनेतील एका पुरुषाने स्वतःचे जीवन संपवले. तक्रार स्वीकारणाऱ्या प्रत्येक संस्थेचे पहिले कर्तव्य तक्रारदाराला सुरक्षित ठेवण्याचे असते. त्याला लवकर उत्तर देणे, एक ठरावीक माणूस त्याच्याशी बोलायला ठेवणे, धमक्या आल्या तर पोलिसांकडे त्याच्या वतीने जाणे, हे सगळे भरपाईच्या रकमेआधी यायला हवे. त्याच ऑक्टोबरच्या दुसऱ्या तारखेच्या पत्रकार परिषदेत प्रश्न विचारू द्यायचे नाहीत अशा पत्रकारांची यादी आयोजकांकडे असल्याचे उघड झाले. पुढे, मार्च २०२४ मध्ये, बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत हिगाशियामा यांनी निंदेच्या त्या भडिमाराविषयी बोलताना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा उल्लेख केला. ज्याच्याकडे पीडितांची जबाबदारी आहे त्याने हे बोलायला नको होते, असे मी स्पष्ट म्हणेन.

त्याच मुलाखतीत आणखी एक गंभीर गोष्ट बाहेर आली. किटागावा यांच्याखेरीज आणखी दोन माजी कर्मचाऱ्यांवर शोषणाचे आरोप असल्याचे कंपनीला ठाऊक होते, पण ती माहिती पोलिसांना दिली गेली नव्हती. कंपनीचे म्हणणे असे की तसा कायदेशीर अधिकार तिच्याकडे नाही. मृत माणसाच्या गुन्ह्यांची भरपाई देणारा कक्ष जिवंत माणसावरच्या आरोपाचे काय करतो, यावरून त्याची खरी कसोटी लागते. भरपाई ही झालेल्या हानीसाठी असते, पण आरोपी जिवंत असेल तर उद्याच्या मुलाचाही प्रश्न तेथे हजर असतो, आणि तो प्रश्न कंपनीच्या मर्जीवर सोडता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दोन माजी ज्युनियरांनी अमेरिकेतील नेवाडा राज्यात ३० कोटी डॉलरचा दावा दाखल केला, तेव्हा देशातील या सेवेवर सर्वांचाच विश्वास बसलेला नाही, हेही उघड झाले.

कंपनीच्या दारापलीकडे कायद्याचे दार आहे, आणि तिथला बदल मला अधिक टिकाऊ वाटतो. जपानी दंडसंहितेत संमतीवय १९०७ पासून १३ वर्षे होते. जून २०२३ मध्ये संसदेने ते १६ केले, आणि १३ जुलैपासून नवी कलमे लागू झाली; मात्र मूल १३ ते १५ वर्षांचे असेल, तर समोरची व्यक्ती त्याच्याहून किमान ५ वर्षांनी मोठी असली पाहिजे अशी अट आहे. बळजबरी किती झाली हे मोजण्याऐवजी संमती देण्याची किंवा नाकारण्याची मोकळीक होती का, हे पाहण्याकडे कायदा वळला आणि त्यासाठी आठ प्रकारच्या परिस्थिती नोंदवल्या गेल्या. त्यांतली एक या क्षेत्राला थेट लागू पडते: आर्थिक किंवा सामाजिक स्थानामुळे असलेल्या प्रभावाचा वापर करून समोरच्याला आपले नुकसान होईल या धास्तीत ठेवणे. जो माणूस मुलाला रंगमंचाच्या पुढच्या ओळीतून मागच्या ओळीत पाठवू शकतो, त्याला हात उगारावा लागत नाही. या वास्तवाला जपानच्या कायद्यात पहिल्यांदाच नेमके स्थान मिळाले. १६ वर्षांखालील मुलाला अश्लील हेतूने फूस लावून भेटण्याची मागणी करणे हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे, म्हणजे हस्तक्षेप करण्यासाठी शोषण घडेपर्यंत थांबण्याची गरज उरली नाही.

येथे मुलग्यांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिच्याशिवाय साठ वर्षांचे मौन समजत नाही. २०१७ पर्यंत जपानच्या दंडसंहितेत बलात्काराची पीडित केवळ स्त्रीच असू शकत होती. मुलग्यावर काहीही घडले तरी ते कमी शिक्षेच्या बळजबरीने केलेल्या अश्लील कृत्याच्या कलमात बसवले जाई, आणि हे गुन्हे पीडिताने स्वतः फिर्याद दिल्याखेरीज न्यायालयात जात नसत. जुलै २०१७ च्या सुधारणेने दोन्ही गोष्टी बदलल्या. म्हणजे या संस्थेतील बहुतेक सगळे शोषण अशा काळात घडले, जेव्हा राज्याने त्या मुलांना सांगून ठेवले होते की तुमच्यावर जे झाले त्याला आमच्याकडे पूर्ण नाव नाही. मग बारा-तेरा वर्षांच्या मुलाने ते कोणत्या तोंडाने आईला सांगायचे?

फौजदारी मुदतीचा हिशेबही तपासून पाहण्यासारखा आहे. संमतीविना संभोगाच्या गुन्ह्यासाठी मुदत १० वरून १५ वर्षे झाली आणि पीडित १८ वर्षांखालील असेल, तर तो १८ चा होईपर्यंतचा काळ त्यात वाढवून मिळतो. त्याचा अर्थ ३३ वर्षांच्या वयापर्यंत खटला उभा राहू शकतो. अश्लील कृत्यासाठी हीच मर्यादा साधारणपणे ३० वर्षांपर्यंत जाते. पूर्वीच्या मानाने ही मोठी झेप आहे. तरीही २०२३ मध्ये जे पुरुष बोलू लागले त्यांत चाळिशी, पन्नाशी, साठी ओलांडलेले अनेक होते. आपल्यावर जे झाले ते शोषण होते, हेच कित्येकांना स्वतःची मुले त्या वयाची झाल्यावर उमगते. तेहेतिसाव्या वर्षी बंद होणारे दार त्यांच्यासाठी उघडलेच नव्हते असे म्हणावे लागते. मुलांवरील गंभीर लैंगिक गुन्ह्यांना मुदतच नसावी, असे माझे मत आहे, आणि या प्रकरणाच्या अनुभवानंतर जपानच्या संसदेने निदान ही मर्यादा आणखी बरीच पुढे न्यायला हवी होती.

सध्या संस्थेत असलेल्या मुलाकडे वळलो की व्यवस्थेतली सर्वांत मोठी फट दिसते. ती दोन कायद्यांच्या मध्ये आहे. जपानचा बालछळ प्रतिबंधक कायदा २००० सालचा आहे, म्हणजे ज्या वर्षी संसदीय समितीत जॉनीजचा विषय निघाला त्याच वर्षीचा. त्यात बालछळाची व्याख्या पालक किंवा प्रत्यक्ष सांभाळ करणारी व्यक्ती यांच्या वर्तनाशी बांधलेली आहे. मुलाला वेशभूषा देणारा, रात्री आपल्या घरी ठेवून घेणारा, त्याचे भवितव्य ठरवणारा संस्थाप्रमुख त्या व्याख्येत सहज बसत नाही. त्यामुळे शेजारच्या घरात मुलाला मारहाण होत असल्याचा संशय आला तर कळवणे जसे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरते, तसे ते संस्थेतील नृत्यशिक्षक, मोटारचालक किंवा वेशभूषाकार यांच्यावर या कायद्याने येत नाही. २०२३ च्या मे महिन्यात विरोधी पक्षाने ही व्याख्या विस्तारण्यासाठी विधेयक आणले, पण ते मंजूर झाले नाही. सरकारने जुलैमध्ये तातडीच्या उपायांचे एक धोरण जाहीर करून वेळ निभावली. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. दंडसंहिता गुन्हा घडल्यावर जागी होते. कळवण्याचे कर्तव्य मात्र गुन्ह्याच्या आधीच्या आठवड्यात उपयोगी पडते, आणि या संस्थेत आसपासच्या मोठ्या माणसांना काय चालले आहे याची कुणकुण वर्षानुवर्षे होती.

दुसरा कायदा श्रम मानकांचा. कागदावर तो मुलांची चांगली काळजी घेतो. सर्वसाधारणपणे पंधराव्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत मुलाला कामावर ठेवता येत नाही. तेरा वर्षांखालील मुलांना केवळ चित्रपट आणि रंगभूमीसाठी, श्रम कार्यालयाची परवानगी, शाळाप्रमुखाचा दाखला आणि पालकांची संमती घेऊनच काम देता येते. शाळेचे आणि कामाचे तास मिळून दिवसाला सातपेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि या वयोगटाला रात्री आठनंतर काम देता येत नाही. रंगभूमीसाठी ही वेळ २००५ पासून नऊपर्यंत आहे. मुलाच्या वतीने पालकांनी श्रमकरार करणेही निषिद्ध आहे आणि वेतन मागण्याचा हक्क मुलाचा स्वतःचा आहे. पण हे सारे लागू होण्यासाठी मूल कायद्याच्या दृष्टीने कामगार असावे लागते. जुलै १९८८ मध्ये श्रम मंत्रालयाने एक परिपत्रक काढले. ज्याची कला किंवा लोकप्रियता अशी आहे की दुसरा कोणी त्याची जागा घेऊ शकत नाही, ज्याचे मानधन तासांवर ठरत नाही, ज्याच्यावर कामाच्या वेळेचे बंधन नाही आणि ज्याचा करार नोकरीचा नाही, असा कलाकार कामगार नव्हे, असे त्याचे सार आहे. उद्योगात हे परिपत्रक ‘हिकारु गेंजी परिपत्रक’ म्हणूनच ओळखले जाते, कारण तो गट त्या काळी लोकप्रियतेच्या शिखरावर होता आणि त्यातले काही सदस्य अल्पवयीन असूनही त्यांना रात्रीच्या थेट कार्यक्रमांत दाखवायचे होते. हिकारु गेंजी हा जॉनीजचाच गट होता.

या परिपत्रकातली सूट खरे तर फार मोजक्या, प्रसिद्ध मुलांसाठी आहे. ज्याचे नाव अजून कोणालाच ठाऊक नाही आणि ज्याच्या जागी उद्या दुसरा मुलगा उभा राहू शकतो, असा ज्युनियर तिच्या पहिल्याच अटीत नापास होतो. म्हणजे तर्काने त्याला श्रम कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळायला हवे. प्रत्यक्षात तो शिकाऊ म्हणवला जातो, त्याच्याशी करार नसतो, त्याचे काम सराव म्हणून मोजले जाते, आणि तो श्रम निरीक्षकाच्या नजरेला पडतच नाही. घरचा नाही म्हणून बालछळाच्या कायद्यात नाही, कामगार नाही म्हणून श्रम कायद्यात नाही. सुधारणेला सुरुवात करायची असेल तर ती येथून केली पाहिजे असे मला ठामपणे वाटते, कारण परिपत्रक बदलायला संसदेचीही गरज नाही. नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेला स्वतंत्र व्यावसायिकांविषयीचा कायदा काम देणाऱ्याला अटी लेखी कळवायला आणि छळाच्या तक्रारींसाठी व्यवस्था ठेवायला लावतो, आणि काही कलाकारांना त्याचा फायदा होईल. पण चौदा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र व्यावसायिक समजून दिलेले संरक्षण त्याच्या मापाचे नसते. व्यापार स्पर्धा आयोगाने कलाकार आणि संस्था यांच्यातील करारांची पाहणी करून डिसेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला, तोही मुख्यतः मोबदला आणि संस्था सोडण्याच्या स्वातंत्र्याविषयी आहे.

मदतवाहिन्यांविषयी थोडक्यात. १८९ हा क्रमांक फिरवला की जवळच्या बाल सल्ला केंद्राशी विनामूल्य बोलता येते, लैंगिक हिंसेच्या पीडितांसाठी आणि पोलिसांच्या विशेष कक्षासाठी वेगळे छोटे क्रमांक आहेत, आणि २०२३ च्या शरद ऋतूत पुरुष आणि मुलगे यांच्यासाठी एक स्वतंत्र वाहिनी काही महिने चालवली गेली. ती कायम ठेवायला हवी होती. ज्या देशात मुलग्यांवरील अत्याचाराला पूर्ण नाव मिळूनच अवघी काही वर्षे झाली आहेत, तेथे फोनच्या पलीकडे आपल्यासाठी नेमलेला माणूस आहे ही खात्री फार मोलाची आहे.

आशा आहे ती जून २०२४ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याकडून. २५ डिसेंबर २०२६ पासून जपानमधील शाळा आणि पाळणाघरे यांना मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या लैंगिक गुन्ह्यांची पार्श्वभूमी सरकारमार्फत तपासावी लागेल. कारावास भोगलेल्यांच्या बाबतीत ही तपासणी शिक्षा संपल्यानंतर २० वर्षांपर्यंत मागे जाते, दंड झालेल्यांच्या बाबतीत १० वर्षे. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, मुलांशी नियमित बोलणे आणि संशय आल्यास माणसाला मुलांपासून दूर करणे हीही संस्थेची जबाबदारी ठरते, आणि माझ्या मते कायद्याचा खरा उपयोग या भागात आहे, कारण किटागावा यांच्या नावावर कोणतीही शिक्षा नव्हती आणि केवळ पार्श्वभूमी तपासून ते कधीच सापडले नसते. खासगी शिकवण्या, क्रीडासंस्था, तसेच नृत्य-गायन शिकवणाऱ्या संस्था यांच्यासाठी मात्र सक्ती नाही. त्यांनी अर्ज करून सरकारी प्रमाणपत्र मिळवायचे आहे, मिळाले तर ते मिरवता येईल, अर्जच केला नाही तर कायदा काही म्हणत नाही.

तेव्हा या ऐच्छिक कलमाला वजन कोण देणार, हे पाहावे लागेल, आणि त्याचे उत्तर २०२३ मध्येच मिळालेले आहे. न्यायालयाच्या निकालाने जे वीस वर्षांत झाले नाही, ते जपान एअरलाइन्स आणि पेयनिर्माती आसाही यांच्यासारख्या जाहिरातदारांनी हात काढून घेतल्यावर काही आठवड्यांत झाले. एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने नवे करार थांबवले आणि त्या वर्षअखेरीच्या गायन मैफलीत चार दशकांहून अधिक काळात पहिल्यांदाच जॉनीजचा एकही कलाकार दिसला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनएचकेने पुन्हा दार उघडले, तेव्हा भरपाईची प्रगती आणि पुनरावृत्ती टाळण्याचे प्रयत्न ही कारणे दिली. माझी मागणी अशी आहे की डिसेंबर २०२६ नंतर १८ वर्षांखालील कलाकार पुरवणाऱ्या कोणत्याही संस्थेशी करार करताना प्रत्येक वाहिनीने आणि जाहिरातदाराने हे सरकारी प्रमाणपत्र मागावे आणि ही अट करारात छापलेली असावी. मुलाला अशा संस्थेत पाठवणाऱ्या पालकांनीही प्रवेशाच्या दिवशी चार गोष्टी विचाराव्यात: प्रमाणपत्र आहे का, करार लेखी आहे का, मुक्काम कोणाच्या घरी होतो, आणि मुलाला तक्रार करायची झाली तर ती संस्थेबाहेरच्या कोणत्या माणसाकडे जाते. शेवटच्या प्रश्नाला नाव आणि फोन क्रमांकासह उत्तर मिळाले नाही, तर मुलाला घेऊन परत यावे.